दुसऱ्या हॉर्नचा कान

"एक की दोन?" वीबकेने रंगमंचावरून ओरडून विचारलं.

रिकाम्या प्रेक्षागृहात अगदी मागच्या रांगेत गेरविन डोळे मिटून बसला होता. माउथपीस, म्हणजे वाद्याला ओठ लावायचं टोक, निवडताना ऐकणाऱ्याने डोळे मिटायचे असतात. उघडे ठेवले तर तो सूर सोडून वाजवणाऱ्याचा चेहराच ऐकत बसतो. आणि ऐकायला दुसरं कुणीतरी लागतंच, कारण फ्रेंच हॉर्न हे मुळात उर्मट वाद्य आहे. त्याचं तोंड मागे असतं. वाजवणारा पुढे बघतो, सूर पाठीमागच्या भिंतीवर जाऊन आपटतो आणि मग सावकाश, वाटेत कॉफीबिफी घेऊन, श्रोत्यांपर्यंत येतो. त्यामुळे आपण नक्की कसे वाजतो हे हॉर्नवाल्याला जन्मभर कळत नाही. त्यासाठी कान उसना घ्यावा लागतो. वीबकेने गेरविनचा घेतला होता.

आलेनरोडा या जर्मन गावातल्या नाट्यगृहाच्या ऑर्केस्ट्रात वीबके त्या शरद ऋतूत पहिला हॉर्न म्हणून आली होती. गेरविन दुसरा हॉर्न. वीबके समुद्रकाठची, उंच, मोठ्याने हसणारी, वयाने गेरविनच्या मुलीएवढी. म्हणजे त्याला मुलगी असती तर तेवढी. तिचं वर्ष परीक्षेचं होतं. हंगाम संपताना, जूनमध्ये, सगळा ऑर्केस्ट्रा मत देणार, ठेवायची की घरी पाठवायची. आधी हॉर्नवाले आपसात ठरवतात, मग बाकीचे माना डोलावतात. व्हायोलिनवाल्यांना हॉर्नमधलं एवढंच कळतं की तो पिवळा असतो.

तर वीबकेने तोच संथ तुकडा दोनदा वाजवला होता. खालून हळूहळू चढत जाणारा आणि वर पोचल्यावर तिथेच रेंगाळणारा. पहिल्या माउथपीसने वाजवला तेव्हा गेरविनच्या मानेवरचे केस उभे राहिले. मानेवरचेच, कारण डोक्यावर नव्हते. अंधाऱ्या घरात शेजारच्या खोलीत कुणी दिवा लावावा आणि दाराच्या फटीतून उजेड यावा, तसा तो सूर आला. दुसऱ्या माउथपीसने वाजवला तेव्हाही सूर आला. नगरपालिकेतला माणूस येतो तसा. वेळेवर, आणि बाकी काही विशेष नाही.

"अरे गेरविन, झोपलास का? एक की दोन?"

'एक' म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"दोन," तो म्हणाला.

"नक्की?"

"शंभर टक्के."

शंभराची खरं तर गरज नव्हती. साठ टक्क्यांतही काम भागलं असतं.

"मला ओठांना एक बरा वाटत होता बघ," वीबके म्हणाली. "पण मला इथून काय कळणार, डोंबल! तू म्हणतोस ना, मग दोन. संपलं." तिने त्याच्याकडे हवेतूनच एक पापा फेकला, 'एक' फडक्यात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या कारागिराकडे टपालाने परत पाठवून दिला. रीतच आहे तशी. कारागीर दोन-तीन पाठवतो, आवडेल तो ठेवायचा, बाकीचे परत.

गेरविन दुष्ट माणूस नव्हता. तो मुंग्यांना वळसा घालून जायचा. झालं होतं ते असं. दुसऱ्या हॉर्नचं काम पहिल्याची सावली होण्याचं. जुना पहिला हॉर्न पाठीच्या दुखण्याने निवृत्त होईपर्यंत गेरविनने त्याची सावली म्हणून अर्धं आयुष्य काढलं होतं. त्या गृहस्थाचा सूर आखूड आणि नीटस होता, भांग पाडल्यासारखा. त्याची सावली व्हायला फार जागा लागत नसे. वीबकेचा 'एक' मात्र एवढा रुंद होता की त्याच्याखाली उभं राहायचं तर गेरविनला सगळं नव्याने शिकावं लागणार होतं, श्वासापासून. शिवाय त्याचे पुढचे दोन दात खोटे होते, हे ऑर्केस्ट्रात कुणाला माहीत नव्हतं. तसल्या सुराशेजारी आठवड्याभरात त्याचं पितळ उघडं पडलं असतं. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं ते तोंड उघडून 'दोन' म्हणेपर्यंतच्या वेळात. लोकांना वाटतं, पापाला फार तयारी लागते.

'खाई त्याला खवखवे' म्हणतात. इथे खवखवत होतं गेरविनला आणि खात होती वीबके. दुसऱ्याच दिवसापासून त्याने तिच्यासाठी प्लमचा केक आणायला सुरुवात केली. बायको रोझविता भाजायची, तो डब्यात घालून न्यायचा. मग तो तिची खुर्ची उचलू लागला. हॉर्नमध्ये साचलेलं पाणी ती जमिनीवर झटकायची, तिथे तो घडी घातलेलं फडकं अंथरू लागला. थंडी आली तशी त्याने तिच्या गाडीचे टायर बदलून दिले. नाताळात तिच्या स्वयंपाकघराला रंग लावला. तू गावाला जाशील तेव्हा तुझ्या मांजराला खायला घालीन म्हणाला. माझ्याकडे मांजर नाही, असं ती म्हणाली, तर तो एवढा हिरमुसला की तिने आठवड्याभरात एक मांजर आणलं.

"तू संत आहेस रे," वीबके म्हणायची. "मला वाटलं होतं, म्हातारा दुसरा हॉर्न म्हणजे खडूस असणार. सगळे म्हणायचे, सांभाळून राहा."

"सांभाळून राहावंच," गेरविन म्हणायचा. ती खो खो हसायची.

इकडे 'दोन' आपले रंग दाखवू लागला होता. खालचे सूर ठीक जायचे. वर मात्र वीबके चढायला लागली की सूर मध्येच चिरकायचा, चालता चालता जिना संपावा तसा. ऑर्केस्ट्राचे संचालक भुवया उंचावायचे. वीबके सरावाचे तास वाढवायची, ओठ सुजवून घ्यायची आणि दोष स्वतःला द्यायची. "माझंच काहीतरी चुकतंय, गेरविन. तू एवढा चांगला माउथपीस निवडून दिलास आणि मला तो झेपत नाहीये." गेरविन पुढच्या वेळी केकवर क्रीम जास्त घालून आणायचा.

तिसरा हॉर्न हार्टमुट हा हॉर्नवाल्यांचा म्होरक्या. झुपकेदार मिशा, घरी दोन मुली, आणि प्रत्येक गोष्टीवर एक मत. फेब्रुवारीत एकदा मधल्या सुट्टीत त्याने गेरविनला गाठलं.

"मुलगी गोड आहे," हार्टमुट म्हणाला. "पण गोड मुली माझ्या घरीच दोन आहेत. मला वरचा सूर पाहिजे. जूनमध्ये मत आहे, आणि माझं तर 'नाही'च पडणार. तुझं काय?"

"अजून वेळ आहे," गेरविन म्हणाला.

"तू मनाने फार चांगला आहेस, हाच तुझा प्रॉब्लेम आहे," हार्टमुट म्हणाला आणि उरलेला केक घेऊन गेला.

वेळ आहे, असं गेरविन ऑक्टोबरपासून म्हणत होता. ऑक्टोबरमध्ये सांगणं जरा लवकर झालं असतं. कदाचित 'दोन' जमूनही गेला असता. डिसेंबरमध्ये नाताळ होता, सणासुदीला कुणी असलं काही सांगतं का? जानेवारीत तिला सर्दी होती. आणि आता वेगळीच पंचाईत होती. हॉर्नवाल्यांचा एक नियम आहे, जो लहान मुलालाही ठाऊक असतो: मोठी परीक्षा जवळ आली की माउथपीस बदलायचा नाही. नवा माउथपीस म्हणजे नवं तोंडच. ओठांना बोलायला परत शिकवावं लागतं, त्यात महिने जातात. म्हणजे सांगायला जितका उशीर, तितकं सांगणं घातक. आणि सांगणं घातक म्हणून आणखी उशीर. या चक्रात गेरविन गाढवासारखा गोल फिरत होता. फरक एवढाच की गाढवाच्या फिरण्यातून निदान दळण तरी होतं.

मार्चमध्ये रोझविताने केकचं पीठ मळता मळता विचारलं, "तुझं त्या मुलीशी काही आहे का?"

"नाही."

"मग हे केक कसले? टायर कसले? आपलं स्वयंपाकघर अकरा वर्षं रंगाची वाट बघतंय."

गेरविनने केकच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मी तिला चुकीचा माउथपीस सांगितला. मुद्दाम."

रोझविताने हातातलं पीठ खाली ठेवलं. ती खुर्चीवर बसली. बराच वेळ तिने खिडकीतून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी बघितल्या.

"मला वाटलं, प्रेमप्रकरण असेल," ती शेवटी म्हणाली. "ते बरं होतं."

"मलाही तसंच वाटतं."

"तिची नोकरी जाईल?"

"जाईल."

"तुझ्यामुळे?"

"हो."

"मग मी आता केक भाजणार नाही," रोझविता म्हणाली आणि पीठ तसंच फ्रिजमध्ये ठेवून दिलं. "तुला काय करायचं ते तू कर. पण कर."

ईस्टरच्या सुट्टीत गेरविन आगगाडीने डोंगरातल्या त्या कारागिराकडे गेला. ओटफ्रीड त्याचं नाव. वाकलेला, बडबड्या, आणि कारखान्यात एक म्हातारा कुत्रा.

"तो का? आहे की," ओटफ्रीड म्हणाला आणि खणातून 'एक' काढून दिला. "परत आला तेव्हा मला वाईट वाटलं होतं हो. त्या पोरीच्या ओठांचं माप घेऊन बनवला होता. पण नाही आवडत माणसाला, काय करणार? बायको मला आवडली होती, तिला मी नाही आवडलो. बाजारच तो. तुम्हाला कुणासाठी हवाय?"

"एका मैत्रिणीसाठी."

"आधी वाजवून बघा तर!"

गेरविनने नको म्हटलं. पण त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात, जिथे तो स्वतःही सहसा जात नसे, तिथे एक विचार दबा धरून बसला होता: आपल्यालाच बसला तर? तो माउथपीस आपल्याला असा काही बसला की वीबकेला सांगायची गरजच उरली नाही तर? त्याने भिंतीवरचा हॉर्न घेतला, माउथपीस लावला आणि फुंकला.

गोठ्यात गाय अडली असताना येतो तसा आवाज आला. कुत्रा उठला, दाराशी गेला आणि दार उघडायची वाट बघत उभा राहिला.

"मनावर घेऊ नका," ओटफ्रीड म्हणाला. "कुत्रा आधी ट्रम्पेटवाल्याकडे होता."

परतीच्या गाडीत तो माउथपीस गेरविनच्या कोटाच्या खिशात होता. तो एवढासा धातू सबंध वाटेत त्याच्या बरगडीला टोचत राहिला. खिसा बदलला तरी टोचायचं काही थांबलं नाही.

सुट्टीनंतरच्या पहिल्या गुरुवारी नाट्यगृहाच्या कँटीनमध्ये मसुराचं सूप होतं. वीबके सॉसेजचे तुकडे कापून सूपमध्ये टाकत होती. गेरविन समोर बसला आणि त्याने खिशातून 'एक' काढून तिच्या ताटलीशेजारी ठेवला.

तिने तो उचलला. उलटसुलट करून बघायची तिला गरजच पडली नाही. नुसता बोटांत धरला आणि तिला कळलं.

"हा कुठून आणलास?"

"ओटफ्रीडकडून. हाच चांगला होता."

"म्हणजे?"

"तेव्हाही हाच चांगला होता. मला ऐकू आलं होतं. मी दोन म्हणालो."

वीबकेने माउथपीस ओठांना लावला. तिथेच, सूपच्या वाफेत, नुसता माउथपीस हलकासा फुंकला. शेजारच्या टेबलावरच्या बासरीवालीने मान वर केली. वीबकेने तो खाली ठेवला.

"का?"

गेरविनला 'भीती' म्हणायचं होतं. दात, वय, निवृत्तीला राहिलेली वर्षं, सगळं सांगायचं होतं. पण 'भीती' म्हणायला जीभ वळेना. त्या मानाने आळस हा शब्द त्याला जास्त अब्रूदार वाटला.

"आळस," तो म्हणाला. "तुझ्या त्या सुराखाली वाजवायला मला परत शिकावं लागलं असतं."

"आळस?" वीबके म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "तू माझ्यावर जळत होतास असं म्हणालास तर मला कळेल. जळतात लोक. मीपण जळते. पण मी सहा महिने रोज रात्री आरशासमोर बसून स्वतःला शिव्या देतेय, आईला फोन करून रडतेय की मला काही येत नाही, आणि तुला काय? सरावाचा कंटाळा?"

"हो."

"आणि ते टायर?"

गेरविनने मीठदाणी सरळ केली.

"मी मांजर आणलं तुझ्यासाठी," वीबके म्हणाली.

ती उठली. माउथपीस मुठीत घेतला. सूप तसंच राहिलं.

"आता जूनच्या आधी माउथपीस बदलणं म्हणजे वेडेपणा आहे, हे तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. "पण मी बदलणार."

त्या दिवसापासून ती त्याला 'तुम्ही' म्हणू लागली. त्या ऑर्केस्ट्रात सगळे एकमेकांना 'तू' म्हणत. सत्तरीची हार्पवाली 'तू', कालचा शिकाऊ पोरगाही 'तू'. पुन्हा 'तुम्ही'वर आलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. हार्टमुटने मात्र त्याचा भलताच अर्थ लावला.

"बघ, किती मान देते तुला," तो म्हणाला. "आमच्या पोरी मला 'ए टकल्या' म्हणतात. आणि मला तर टक्कलही नाही."

वीबकेने 'एक' लावला आणि पहिले आठवडे जे काही झालं ते ऐकवत नव्हतं. ओठ 'दोन'ला सरावले होते. वरचाच काय, खालचाही सूर हाताला लागेना. संचालकांनी एकदा वाजवणं थांबवून, तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. गेरविनला वाटलं, आपण या मुलीला एकदा नाही, दोनदा मारलं. आधी खोटं बोलून, मग खरं बोलून.

तो घराच्या तळघरात जाऊन सराव करू लागला. खालचे लांब सूर. एक सूर धरायचा आणि श्वास संपेपर्यंत सोडायचा नाही, जसं शाळकरी पोरांना शिकवतात तसं. खोट्या दातांखाली हिरडी सोलली. दुसऱ्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी बॉयलर बिघडला म्हणून तक्रार केली. घरमालकाने प्लंबर पाठवला. प्लंबर तळघराच्या जिन्यावर उभा राहून थोडा वेळ ऐकत राहिला आणि रोझविताला म्हणाला, "बॉयलर ठणठणीत आहे, बाई. आत एक माणूस आहे."

"माहीत आहे मला," रोझविता म्हणाली. "त्याचं काही होत असेल तर बघा."

मेच्या अखेरीस एका सकाळी, तालमीच्या मध्यावर, वीबकेचा सूर चढला आणि चिरकला नाही. वर जाऊन रेंगाळला. दिवा लागला. पुढे बसलेल्या चेलोवाल्यांपैकी दोघांनी मागे वळून बघितलं. हार्टमुटच्या मिशा थरथरल्या. वीबकेने हॉर्न खाली घेतला आणि समोर बघत राहिली. डावीकडे, म्हणजे गेरविनकडे, तिने बघितलं नाही.

मतदान शनिवारी, शेवटच्या रंगीत तालमीनंतर होतं. हॉर्नवाले वाद्यांच्या खोलीत डबल बासच्या खोक्यांमध्ये बसले. गेरविन, हार्टमुट, आणि चौथा हॉर्न, जो सभांमध्ये कधीच बोलत नसे. उमेदवाराने बाहेर थांबायचं असतं. वीबके कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या यंत्राशी उभी होती.

"मेपर्यंत माझं मत 'नाही' होतं," हार्टमुटने सुरुवात केली. "आता 'हो' आहे. काय झालं मला माहीत नाही, पण मुलगी कुठल्या कुठे गेलीय. आणि सांगायला हवं म्हणून सांगतो, याचं अर्धं श्रेय या आपल्या गेरविनचं. वर्षभर तिच्या मागे उभा राहिला. केक काय, टायर काय. असा दुसरा हॉर्न..."

"नाही," गेरविन म्हणाला आणि उठून उभा राहिला. का उठला ते त्यालाही कळलं नाही, त्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. "मी तिला फसवलं. ऑक्टोबरमध्ये तिने मला दोन माउथपीसमधून निवडायला सांगितलं. चांगला कुठला ते मला कळलं होतं. मी मुद्दाम वाईट सांगितला. वर्षभर ती जी अडखळली ती माझ्यामुळे. केक त्यासाठी होते."

हार्टमुटने चौथ्या हॉर्नकडे बघितलं. मग हार्टमुट हसायला लागला. आधी मिशांत, मग मोकळा, मग मांड्या थोपटून.

"तू! तू आणि फसवणूक! अरे, मागच्या वर्षी माझी गाडी तुझ्याकडून घासली गेली, तेव्हा तू चिठ्ठी ठेवलीस, फुलं ठेवलीस, आणि नंतर कळलं की ती माझी गाडीच नव्हती!"

"हार्टमुट, मी खरं सांगतोय."

"हो रे बाबा, आणि मी पोप आहे. चुकतो माणसाचा कान. एकदा कान चुकला तर वर्षभर स्वतःला फासावर लटकवायचं नसतं."

"कान चुकला नव्हता."

चौथा हॉर्न त्याच्या नोकरीत प्रथमच सभेत बोलला. "नम्रता," तो म्हणाला. आणि त्यालाही हसू फुटलं.

मत झालं. तिघांचं 'हो'. बाकीचा ऑर्केस्ट्रा संध्याकाळी माना डोलावणार होता. हार्टमुटने डोळे पुसले. "जा, तूच सांग तिला. हक्क तुझा."

गेरविन बाहेर आला. वीबके यंत्राला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक.

"झालं," तो म्हणाला. "सगळ्यांचं हो."

तिने डोळे मिटले. यंत्रावर तिचा भार पडला असावा, कारण यंत्राने न मागता एक कॉफी ओतून दिली. कपही नव्हता. कॉफी जाळीवर सांडत राहिली, आणि ती संपेपर्यंत दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

"तुमचंही?" वीबकेने विचारलं.

"माझंही."

"मोठ्याने हसत होतात सगळे. दारातून ऐकू येत होतं. मला वाटलं, मला हसताय."

"मला हसत होते. मी त्यांना सांगितलं, मी काय केलं ते."

"आणि?"

"त्यांचा विश्वास बसला नाही."

वीबकेने त्याच्याकडे बघितलं. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा, सरळ. ती हसेल असं त्याला क्षणभर वाटलं, कारण गोष्ट तिच्या हसण्याच्या जातीची होती. पण ती हसली नाही.

"माझा बसला होता," ती म्हणाली. "तुमच्यावर. ऑक्टोबरमध्ये." आणि आईला फोन करायला निघून गेली.

गेरविनने खिशातला रुमाल काढून यंत्राची जाळी पुसली.

रविवारी सकाळचा कार्यक्रम होता. आलेनरोडात रविवार सकाळच्या कार्यक्रमाला चर्चमधून थेट लोक येतात आणि संथ भागात त्यातले निम्मे झोपतात. त्या दिवशी झोपले नाहीत. वीबके सुरू झाली, खालून हळूहळू चढत गेली आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खोकल्याची गोळी उघडायला हात घातला होता, तो तसाच कागदावर ठेवून बसून राहिला. वर पोचून ती थांबली. तो सूर कुठे संपणार हे कुणालाच कळेना.

तो सूर विरत असतानाच त्याच्याखाली दुसऱ्या हॉर्नने एक सूर धरायचा होता. एकच, अगदी खालचा, अगदी हळू, आणि लांब. ऐकणाऱ्याला तो सुरू झाला हे कळता कामा नये. वरचा सूर उचलला गेला तर खाली काहीतरी उरलंय एवढंच कळावं. गेरविनने तिच्या श्वासाबरोबर श्वास घेतला. हिरडी ठणकली. त्याने सूर ठेवला. ठेवला म्हणजे खरोखर ठेवलाच, झोपलेल्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा. सूर हलला नाही. त्याने तो श्वास संपेपर्यंत धरला आणि मग सोडला.

वाजवताना हातात वाद्य असतं, टाळी देता येत नाही. म्हणून ऑर्केस्ट्रात कुणी सुरेख वाजवलं की आजूबाजूचे हळूच आपले बूट जमिनीवर घासतात. प्रेक्षकांना कळत नाही, ज्याला कळायचं त्याला कळतं. वीबकेसाठी बूट घासले गेले. हार्टमुटचे, चौथ्या हॉर्नचे, पलीकडच्या ट्रम्पेटवाल्यांचे, आणि गेरविनचे तर इतके की संचालकांनी एकदा तिकडे डोळे फिरवले. मग ते थांबलं. खालच्या सुराला कुणी बूट घासत नाही. तो चांगला लागला की नाही हे फक्त शेजारच्यालाच कळतं, आणि शेजारी फक्त वीबके होती.

सगळे बूट थांबल्यानंतर, थोड्या वेळाने, लाकडावर चामडं घासल्याचा एक आवाज आला. एकदाच, आखूड.

तो तिचा असेल. मागच्या कुणाचा तरी असेल. तिने नुसताच पाय आखडून घेतला असेल, तसंही असेल. मान थोडी खाली केली असती तर दिसलं असतं.

गेरविनने मान खाली केली नाही. त्याने हॉर्न मांडीवर घेतला, ओठ पुसले आणि समोरच्या कागदाकडे बघत तो पुढच्या विश्रांतीच्या मात्रा मोजू लागला.